स्टिअरिंगची बटणं आणि फोनमधली गाणी: ईएसपी-३२ बोर्डाचा वायरलेस अडॅप्टर कितपत टिकतो?

गाडीत कंपनीचाच टेप, त्यात ब्लूटूथ नाही. फोन ऑक्सच्या वायरीने जोडलेला. स्टिअरिंगवरचं 'पुढे'चं बटण दाबलं तरी फोनला त्याचा पत्ता नसतो, कारण साध्या ऑक्सच्या वायरीतून फक्त आवाज जातो, हुकूम जात नाही. मग गाणं बदलायला हात फोनकडे जातो आणि हातामागून नजरही. मराठवाड्यात दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की लातूर, बीड, धाराशिवच्या रस्त्यांवर रात्री मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालतात. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. फोनकडे दोन सेकंद पाहिलं की ४४ मीटर रस्ता न बघताच गेला. हा सगळा खटाटोप करायचा तो या ४४ मीटरसाठी.

यासाठी हाताशी असलेला सोयीचा माल म्हणजे ईएसपी-३२ चा बोर्ड. ही चिप एस्प्रेसिफ या चिनी कंपनीची, २०१६ पासून बाजारात आहे. बोर्ड बटणांच्या वायरीवरचा व्होल्टेज वाचतो, कोणतं बटण दाबलंय ते ओळखतो आणि ब्लूटूथ कीबोर्डवरची गाण्यांची बटणं जो हुकूम देतात तोच फोनला देतो. फोनमध्ये वेगळं ॲप लागत नाही. आवाज ऑक्सच्याच वायरीतून येत राहतो.

मत आधीच सांगायचं तर बोर्ड चांगला आहे, किमतीच्या मानाने फारच चांगला. तो फसतो ते दोनच ठिकाणी: त्याला मिळणारी वीज आणि बटणांच्या वायरीवर लावलेला एक रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा छोटा भाग). प्रोग्रॅम हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे, आणि लोक नेमका त्यातच जास्त वेळ घालवतात.

कोणता बोर्ड घ्यायचा

नावं सारखी असल्यामुळे पहिला घोळ दुकानातच होतो. साध्या ईएसपी-३२ मध्ये जुनं आणि नवं, दोन्ही ब्लूटूथ आहे. एस३ आणि सी३ मध्ये फक्त नवं, कमी विजेचं ब्लूटूथ आहे, पण या कामाला तेच लागतं, म्हणून तेही चालतात. एस२ मध्ये ब्लूटूथच नाही. तो स्वस्त दिसतो म्हणून घेतला तर पैसे पाण्यात. ३० किंवा ३८ पिनांचा, वर पत्र्याची डबी आणि त्या डबीवर 'डब्ल्यूरूम-३२' छापलेला बोर्ड मागा. साधारण ४०० ते ५०० रुपयांत मिळतो. छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटच्या बाजूला मोबाईलच्या दुकानांची रांग आहे, तिथे डाटा केबल, चार्जर, स्लीव्ह असा किरकोळ माल मिळून जातो. बोर्ड आणि गाडीचा व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल मात्र ऑनलाइन मागवलेलं बरं. बीड, हिंगोली, परभणीकडच्या लोकांनी दोन बोर्ड एकदमच मागवावेत. पहिला चुकून जळाला तर आठ दिवस कुरिअरची वाट बघण्यापेक्षा ४०० रुपये जास्त गेलेले परवडले.

बोर्डावर संगणकाशी बोलणारी चिप सीपी२१०२ किंवा सीएच३४० असते. दोन्ही ठीक आहेत, फक्त ड्रायव्हर त्या-त्या चिपचा टाकावा लागतो. संगणकाला बोर्ड दिसतच नसेल तर बोर्डाला दोष देण्याआधी केबल बदला. चार्जिंगपुरत्या स्वस्त केबलीत डाटाच्या दोन तारा नसतातच. प्रोग्रॅम चढवताना नुसतेच ठिपके येत राहिले तर बोर्डावरचं 'बूट' बटण दाबून धरा आणि चढायला लागलं की सोडा. दरवेळी असंच होत असेल तर 'ईएन' पिन आणि अर्थ (बोर्डावरची 'जीएनडी' पिन) यांच्यात १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की त्रास थांबतो.

आधी मीटर, मग सोल्डरिंग

बहुतेक साध्या गाड्यांत स्टिअरिंगच्या बटणांमागे वेगवेगळ्या ओहमचे, म्हणजे कमी-जास्त अडथळ्याचे, रेझिस्टर असतात. बटण दाबलं की ती वायर त्या रेझिस्टरमधून अर्थला जोडली जाते. टेप त्या वायरीवर थोडा व्होल्टेज ठेवतो आणि तो किती खाली आला यावरून बटण ओळखतो. या वायरी स्टिअरिंगमधल्या क्लॉक स्प्रिंगमधून (चाक फिरलं तरी वायर तुटू न देणारी गुंडाळी) खाली येऊन टेपच्या मागच्या सॉकेटपर्यंत पोचलेल्या असतात. म्हणजे स्टिअरिंग उघडायची काही गरज नाही, आणि उघडूही नका. तिथे एअरबॅग असते. तिच्या पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटरची सुई लावणं हा जीवघेणा खेळ आहे, कारण ओहम मोजताना मीटर स्वतः करंट सोडतो.

टेप बाहेर ओढा. सॉकेट काढून ठेवा. आधी मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून, किल्ली चालू आणि पार्किंग लाईट लावून, संशयित वायरीवर व्होल्टेज नाही ना ते बघा. त्याच सॉकेटमध्ये बटणांमागच्या दिव्याची १२ व्होल्टची वायर असते. ती चुकून बोर्डाच्या पिनला लागली तर बोर्ड जागच्या जागी जातो. वायरीवर व्होल्टेज नसल्याची खात्री झाली की किल्ली बंद करा, मीटर ओहमवर घ्या, एक टोक वायरीला, दुसरं अर्थला. एकाने एकेक बटण दाबायचं, दुसऱ्याने आकडा लिहायचा. वायरीच्या रंगावर भरवसा ठेवू नका, मॉडेल बदललं की रंगही बदलतो. काही गाड्यांत बटणांची परतीची वायर बॉडीला नसून वेगळी आलेली असते. बॉडीला धरून आकडा येत नसेल तर सॉकेटमधल्या इतर वायरींना धरून बघा.

समजा एका वायरीवर पाच बटणांचे आकडे असे निघाले: १००, ३३०, ६८०, १५०० आणि ३३०० ओहम. हे नमुन्याचे आकडे आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे असतील. प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबून बघा. ३३० चं बटण कधी ३३५, कधी ३९० दाखवत असेल तर बटणाच्या आतल्या कॉन्टॅक्टवर धूळ आणि गंज बसलाय. आपल्याकडे फुफाट्याच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाड्यांत हे नेहमीचंच. हा दोष प्रोग्रॅमने झाकायचा प्रयत्न केला तर तो दोन महिन्यांत पुन्हा वर येतो. बटणाचा सेट स्वच्छ करून घ्यायचा असेल तर स्टिअरिंग उघडावं लागतं. ते काम ज्याला एअरबॅग हाताळता येते अशाच मेकॅनिककडून, बॅटरीची निगेटिव्ह काढून, गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा वेळ थांबून करून घ्या.

कोणत्याही बटणाला ठरावीक ओहम येतच नसेल तर मोजणं तिथेच थांबवा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्याचं नाव ज्या स्कोडामुळे घरोघरी झालं, त्या स्कोडात आणि फोक्सवॅगनमध्ये स्टिअरिंगची बटणं लिन आणि कॅन या डिजिटल तारांवर बोलतात. तिथे रेझिस्टर मोजण्याची ही युक्ती लागू पडत नाही. कॅनची वायर वाचण्यासाठी ईएसपी-३२ ला वेगळी ट्रान्सीव्हर चिप जोडता येते. पण त्याच तारांवर गाडीचे इतर भागही बोलत असतात, चुकीचं जोडलं तर डॅशबोर्डच्या मीटरवर भलतेच दिवे लागतात. ज्याला फक्त ऐकायचं आणि बोलायचं नाही ही सेटिंग नीट कळते त्यानेच त्यात हात घालावा.

एका रेझिस्टरवर सगळं अडतं

आता गाडीत टेप जागेवर राहणार आहे की काढलेला आहे, यावर जोडणी ठरते.

टेप काढलेला असेल, किंवा नव्या टेपला स्टिअरिंगची वायर जोडलेलीच नसेल, तर वायरीवर व्होल्टेज आपल्यालाच ठेवावा लागतो. बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनपासून बटणाच्या वायरीपर्यंत एक रेझिस्टर लावायचा आणि तीच वायर ३४ नंबरच्या पिनला न्यायची. इंटरनेटवरच्या बहुतेक आकृत्यांत इथे १० किलोओहम दाखवलेला असतो, आणि तिथेच काम बिघडतं. हिशेब करून बघा. १० किलोला १०० ओहमचं बटण वायर ०.०३ व्होल्टवर आणतं, ३३० चं ०.१ व्होल्टवर. ईएसपी-३२ चा व्होल्टेज वाचणारा भाग तळाशी आंधळा आहे, साधारण ०.१५ व्होल्टच्या खाली त्याला नीट दिसत नाही. दोन्ही बटणं त्याला जवळपास शून्यच दिसतात आणि 'पुढे' दाबलं की कधी 'मागे' चालतं. लोक मग प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात.

त्याच जागी १ किलोओहम लावा. आता १०० ओहमला ०.३० व्होल्ट, ३३० ला ०.८२, ६८० ला १.३४, १५०० ला १.९८ आणि ३३०० ला २.५३ व्होल्ट येतो. काहीच दाबलं नसेल तर ३.३. दोन बटणांत अर्ध्या व्होल्टच्या आसपास अंतर पडलं, गल्लत होण्याचा प्रश्नच मिटला. तुमचे आकडे वेगळे असतील तर सगळ्यात छोट्या आणि सगळ्यात मोठ्या रेझिस्टरचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढा, त्याच्या जवळपासचा रेझिस्टर घ्या. नमुन्यातल्या आकड्यांचं वर्गमूळ ५७४ येतं, त्यामुळे ५६० ओहमपासून १ किलोपर्यंत काहीही चालेल. वायर आणि अर्थ यांच्यात, बोर्डाच्या अगदी जवळ, १०४ नंबरचा म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. इंजिनची आणि हॉर्नची खरखर त्यातच जिरते.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. ३४ ते ३९ नंबरच्या पिनांना आतला पुल-अप (पिनवर व्होल्टेज ठेवणारा रेझिस्टर) नसतो, प्रोग्रॅममध्ये कितीही चालू केला तरी. बाहेरचा रेझिस्टर लावायचा राहिला की पिन अधांतरी राहते आणि गाणी आपोआप बदलायला लागतात. वायरी दोन असतील तर दुसरी ३५ नंबरला न्या. २५, २६, २७ या पिना टाळा, वायफाय चालू असताना त्यांच्यावर व्होल्टेज वाचता येत नाही.

कंपनीचा टेप जागेवरच राहणार असेल तर आपला रेझिस्टर अजिबात लावायचा नाही. टेपचा स्वतःचा असतो, त्यात दुसरा मिसळला की टेपचेही आकडे बदलतात आणि आवाज वाढवायला गेलं की मोड बदलतो. इथे वायर फक्त ऐकायची. सॉकेट लावून, किल्ली चालू करून त्या वायरीवर किती व्होल्ट आहे ते मोजा. ५ व्होल्ट असेल तर तो बोर्डाला थेट देता येत नाही. वायरीपासून १०० किलोओहम, पुढे पिन, आणि पिनपासून अर्थला १५० किलोओहम, सोबत तोच १०४ चा कपॅसिटर. ५ चे ३ व्होल्ट होतात आणि टेपला या जोडणीची जाणीवही होत नाही.

या मांडणीत आवाजाची बटणं टेपलाच राहू द्यावीत, हे आमचं ठाम मत आहे. फोनचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवा आणि कमी-जास्त टेपवरून करा. ऑक्सवर असताना टेपला 'पुढे-मागे' या बटणांचं काहीच काम नसतं, तेवढीच आपण फोनसाठी घ्यायची. दोन्हीकडे आवाज बदलायला लागला की बटण एकदा दाबलं तरी आवाज दुप्पट उडी मारतो.

एक खोड मात्र आधीच माहीत असावी. टेप बंद केला की त्याचा वायरीवरचा व्होल्टेजही जातो आणि बोर्डाला वायर शून्यावर दिसते, म्हणजे जणू कोणीतरी बटण दाबून धरलंय. प्रोग्रॅममध्ये अट घाला की आधी 'काहीच दाबलेलं नाही' अशी अवस्था दिसल्याशिवाय कोणतंही बटण मोजायचं नाही, आणि तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबलेलं दिसलं तर ते सोडून द्यायचं.

वीज: इथे काटकसर नको

गाडीची बॅटरी म्हणजे १२ व्होल्ट असं धरून चाललं की बोर्ड जळतो. इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४, आणि मधूनच क्षणभराचे उंच झटके. बोर्डावर ३.३ व्होल्ट करणारी जी छोटी एएमएस१११७ चिप असते तिला थेट १४ व्होल्ट दिले तर १०० मिलीअँपिअरला एक वॉटहून जास्त उष्णता तिच्यातच मुरते. नखाएवढ्या चिपला हे झेपत नाही. त्यातून तिची वरची मर्यादाच १५ व्होल्टच्या आसपास आहे.

सगळ्यात निर्धोक मार्ग म्हणजे लायटर सॉकेटमधला चांगला यूएसबी चार्जर आणि छोटी केबल. पहिला महिना तरी असाच चालवा. सगळं सुरळीत झालं की मग आतून पक्कं वायरिंग करा. त्यासाठी एसीसी वायरीवर (किल्ली चालू असतानाच वीज देणारी) १ अँपिअरचा फ्यूज, त्यानंतर अर्थला एसएमबीजे१८ए हा झटके गिळणारा डायोड, पुढे उलट जोडणीपासून वाचवणारा १एन५८१९, मग व्होल्टेज उतरवणारं एलएम२५९६ चं मॉड्यूल आणि तिथून ५ व्होल्ट बोर्डाच्या 'व्हिन' पिनला. एमपी१५८४ चं छोटं मॉड्यूलही मिळतं, पण ते २८ व्होल्टपर्यंतचंच. एलएम२५९६ ४० व्होल्टपर्यंत तग धरतं, म्हणून गाडीसाठी तेच.

मॉड्यूल आलं तसं बोर्डाला लावू नका. त्याच्यावरचा पितळी स्क्रू कुठेही फिरवलेला असतो आणि बाहेर १२ व्होल्टही येत असू शकतात. आधी मीटर लावून ५.० वर आणा, मग स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, म्हणजे खड्ड्यांच्या हादऱ्याने तो फिरत नाही.

वायर निवडताना घाई नको. बाजारच्या टेपच्या हार्नेसमध्ये पिवळी म्हणजे कायमची, लाल म्हणजे एसीसी, काळी अर्थ असा रिवाज आहे, पण काही गाड्यांत लाल-पिवळीची अदलाबदल असते. किल्ली काढल्यावर ज्या वायरीवर शून्य येतं तीच घ्या. बोर्ड जोडलेल्या अवस्थेत १०० मिलीअँपिअरच्या आसपास ओढतो. कायमच्या वायरीवर मॉड्यूलच्या वाट्यासकट तो दिवसाला एक ते दीड अँपिअर-अवर खाईल. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. गाडी पंधरा-वीस दिवस दारात उभी राहिली तर सकाळी सेल्फ मारायला ताकद उरणार नाही.

सेल्फ मारताना बऱ्याच गाड्यांत एसीसी क्षणभर कटतो, त्यामुळे बोर्ड बंद होऊन परत चालू होतो आणि काही सेकंदांत फोनला पुन्हा जोडला जातो. हे टाळायला मोठाले कपॅसिटर लावण्याच्या फंदात पडू नका. त्या काही सेकंदांत गाणं बदललं नाही म्हणून काही अडत नाही.

प्रोग्रॅम आणि फोनच्या खोड्या

आर्डुइनो या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साच्यात ईएसपी-३२ साठी ब्लूटूथ कीबोर्डची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, मिळते. ती जुन्या बांधणीची आहे. ईएसपी-३२ चं पॅकेज ३.० किंवा त्यापुढचं असेल तर ती जुळत नाही आणि लाल अक्षरांत चुकांची यादी येते. पॅकेज २.०.१७ वर आणलं की तीच लायब्ररी गुपचूप चालते, किंवा तिच्यातच निंबल हे ब्लूटूथचं हलकं सॉफ्टवेअर वापरण्याची सोय आहे ती चालू करायची. निंबल जागाही कमी घेते.

व्होल्टेज वाचताना नुसता ० ते ४०९५ चा आकडा घेऊ नका. मिलीव्होल्टमध्ये वाचण्याचं वेगळं फंक्शन आहे, त्यात चिपची कारखान्यातली दुरुस्ती धरलेली असते. मीटरशी ते बरंच जुळतं. दर १० मिलीसेकंदाला वाचा, आणि सलग पाच वेळा आकडा एकाच बटणाच्या हद्दीत आला तरच ते बटण दाबलं असं समजा. बटण अर्धवट दाबलं जातं तेव्हा आकडा मधल्या बटणांवरून घसरत जातो. ही अट नसेल तर एका दाबात दोन हुकूम जातात. हद्द आखताना दोन शेजारच्या आकड्यांच्या बरोबर मध्ये रेघ मारा: नमुन्यातल्या आकड्यांना ०.५६, १.०८, १.६६, २.२५ आणि वर २.९.

'पुढचं गाणं' बटण सोडल्यावर पाठवा, आवाजाचं बटण धरून ठेवलं तर दर १५० मिलीसेकंदाला. लायब्ररी न वापरता स्वतःच हुकूम पाठवायचे असतील तर कीबोर्डच्या ग्राहक-नियंत्रण यादीत पुढचं गाणं बी५, मागचं बी६, चालू-बंद सीडी, आवाज वाढवणं ई९ आणि कमी करणं ईए आहे.

हे यादीचं प्रकरण कंटाळवाणं वाटेल, पण त्यामागे एक खरी अडचण आहे. तयार लायब्ररी फोनला 'मी पूर्ण कीबोर्ड आहे' असं सांगते. मग व्हॉट्सॲपवर लिहायला गेलं की पडद्यावरचा कीपॅड वर येतच नाही. अँड्रॉइडमध्ये फिजिकल कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन 'पडद्यावरचा कीबोर्ड दाखवा' चालू केलं की सुटतं. आयफोनवर मात्र दरवेळी झगडावं लागतं. खरा इलाज म्हणजे बोर्डाने फक्त गाण्यांची बटणं असल्याचं जाहीर करायचं, अक्षरांचं नावच घ्यायचं नाही. दहा-बारा ओळींचा बदल आहे, आणि घरातला आयफोन गाडीत वापरायचा असेल तर तो केलाच पाहिजे.

प्रोग्रॅम पुन्हा चढवल्यावर फोनवर 'पेअर झालंय' दिसतं पण काम होत नाही, अशी तक्रार नेहमी येते. फोनने पेअरिंगची जुनी किल्ली (ओळख पटवणारा गुप्त आकडा) जपून ठेवलेली असते आणि बोर्डाकडची पुसली गेलेली असते. फोनमधून नाव काढून टाका, बोर्डाची मेमरीही पूर्ण पुसा, मग नव्याने पेअर करा. दोन फोन पेअर केलेले असतील तर गाडीत जो आधी पोचतो त्यालाच बोर्ड चिकटतो. गाणी एका फोनवर आणि बटणं दुसऱ्यावर असं झालं तर दोष बोर्डाचा नाही. एकाच फोनशी पेअर ठेवलेलं बरं.

अँड्रॉइड ८ पासून बटणाचा हुकूम शेवटी ज्या ॲपने आवाज केला त्याच्याकडे जातो. मधे कोणी पाठवलेला व्हिडिओ बघितला असेल तर 'चालू' दाबल्यावर गाण्यांऐवजी तोच सुरू होऊ शकतो. गाडी काढण्याआधी गाणं एकदा फोनवरून सुरू करून ठेवायचं, पुढचं स्टिअरिंगवर.

मे महिन्यातला डॅशबोर्ड

नांदेड-परभणीत पारा ४२-४३ ला जातो तेव्हा उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ६० अंशांच्या पुढे सहज जातो. ईएसपी-३२ च्या साध्या मॉड्यूलला ८५ अंशांपर्यंत धास्ती नाही. धास्ती बाकीच्या सामानाची. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचा डबा बनवून घेतला तर तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडून वाकडा होतो. एबीएसचा तयार डबा घ्या. ग्लू गनचा गोंद सुटतो. काळ्या टेपचा गोंद पाघळून वायरीवर चिकट काळा थर येतो आणि जोड उघडा पडतो. पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड मराठवाड्याच्या दोन उन्हाळ्यांत टिकत नाही. सोल्डरचा डाग द्या आणि वर स्लीव्ह तापवून बसवा. बोर्डाच्या पिनांवर खोचायच्या रंगीत जंपर वायरी टेबलावर ठीक, गाडीत नकोत, हादऱ्यांनी त्या एकेक करून सैल होतात. लिथियमची बॅटरी या डब्यात कधीही ठेवू नका.

डबा डॅशबोर्डच्या वर नको, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा स्टिअरिंगच्या खाली बसवा. बोर्डाच्या एका टोकाला नागमोडी तांब्याची रेघ असते, ती अँटेना. ते टोक टेपच्या पत्र्यापासून लांब, फोनच्या दिशेने असू द्या. पत्र्याला टेकलं तर दोन हातांवरचा फोनही अधूनमधून सुटतो. कंपनीच्या वायरी कापू नका. मधे लावायचा तयार हार्नेस मिळतो, त्यावरच डाग द्या, म्हणजे वॉरंटीचा वाद होत नाही आणि गाडी विकताना सगळं काढूनही घेता येतं.

दुसरे पर्याय

स्टिअरिंगला पट्ट्याने बांधायचं ब्लूटूथ बटण मिळतं, आत सीआर२०३२ चा सेल. वायरिंग शून्य. पण सेल वाचवायला ते झोपतं, पहिला दाब जागं होण्यातच जातो, आणि उन्हात स्टिअरिंगवरच बसून असल्याने सेलचं आयुष्य घटतं. गाडीला स्टिअरिंगवर बटणंच नसतील तर मात्र हाच पर्याय चांगला. याच्यासारखाच दिसणारा दुसरा प्रकार अँड्रॉइड टेपच्या 'की१', 'की२' वायरींना जोडायचा असतो, तो फोनशी बोलत नाही. पाकिटावरचं नीट वाचून घ्या. आणि टेप बदलायचाच असेल तर ब्लूटूथवाला, स्टिअरिंगची बटणं शिकणारा टेप घ्या, अडॅप्टरची गरजच संपते.

टेप तोच ठेवायचा असेल, बटणांना ओहम येत असतील आणि हातात डाग द्यायची सवय असेल, तर बोर्ड, मॉड्यूल, डबा आणि फुटकळ सामान मिळून ७०० ते ८०० रुपयांत काम होतं. मोजणी आणि टेबलावरची चाचणी एक दिवस, गाडीतलं बसवणं दुसरा. घाई करून दोन्ही एकाच दुपारी उरकू नका.

फोन उचलायचं बटण या अडॅप्टरकडून मागू नका. कीबोर्डच्या वाटेने आलेला तो हुकूम वेगवेगळे फोन वेगवेगळा समजतात, एखादा उचलतो, एखादा नुसतंच गाणं थांबवतो. त्या बटणाला 'चालू-बंद' द्या. आणि फोन वाजला तर ढाब्यापाशी गाडी बाजूला घेऊन बोला.